कमरेइतका उंबरा

सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
३ डिसेंबर २०१८

पाच मिनिटं म्हणाला होतास. आज चौथा दिवस आहे, आणि तुझ्या पेन ड्राइव्हने सहांतला एकही कंप्युटर उघडला नाही. आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "हं आजी, हं आजी" करतोस आणि तिकडे बोटांची टकटक चालूच असते. कागदावर हं करता येत नाही. मी तिसरी शिकले, अक्षर वाकडं आहे, पण तुझ्या पडद्यावरच्या अक्षरापेक्षा मोठं आहे.

आधी सगळं ऐक, कारण दिवाळीत चार दिवसांत पळालास आणि अर्धंच ऐकलंस. आपली मराठी शाळा, जिथं मी बावीस वर्षं पोरांची खिचडी शिजवली, ती यंदा पलीकडच्या हिंदी शाळेत मिसळली. हुकमात 'एकत्रीकरण' लिहिलंय. एकत्र झालं म्हणजे इकडचा फळा, बाकं, घंटा सगळं तिकडे गेलं. उरली मागची खोली. तिच्यात कोणा भल्या माणसाने दिलेले सहा कंप्युटर आणि मराठी पुस्तकांची दोन कपाटं. शाळेच्या निर्मलाबाई आता तिकडे शिकवतात, पण खोलीची किल्ली अजून त्यांच्याकडे आहे. त्यांनी अर्ज केला की ही मराठी वाचनाची खोली म्हणून राहू द्या. शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, अठरा जानेवारीला येऊन बघतो. कंप्युटर चालू असले, त्यात पोरांचं मराठी काम दिसलं, तर खोली राहील. नाही तर कंप्युटर भंगारात आणि खोलीत तुटकी बाकं.

कंप्युटर म्हातारे झालेत. चालू केला की चहा होतो, पिऊन होतो, कपबशी धुऊन होते, तरी त्याचं चक्र फिरतंच असतं. इतवाऱ्यातल्या कंप्युटर दुरुस्तीवाल्या गोटूला बोलावलं. त्याने बघितलं आणि हसला. म्हणे, "अम्मा, ये तो अजायबघर का माल है. नये ले लो." मी म्हटलं, गोटू, तूही आता टकला झालास, तुझ्या आईने नवा आणला का? गेला तणतणत.

तेव्हा तू म्हणालास, आजी, आमच्या मंडळींनी 'अंगण' केलंय, कंप्युटर चालवणारी नवी प्रणाली, जुन्या कंप्युटरवर पळतं, कोणीही बसवू शकतं. कोणीही म्हणालास म्हणून मी मुद्दाम शेजारच्या मनकर्णेला घेतलं. तिने आयुष्यभर पॉवरलूमवर कांड्या भरल्या. कंप्युटरला तिचा हात फडक्याने पुसण्यापुरताच लागलेला. मी, ती आणि निर्मलाबाई अशा तिघी बसलो. पूजा केली, नारळ फोडला, रीतीत काही कमी ठेवलं नाही. पेन ड्राइव्ह खुपसला. काळा पडदा, पांढरी इंग्रजी ओळ. निर्मलाबाईंनी वाचली: सुरू करण्यासारखं काही सापडत नाही. तीन कंप्युटरांना लावून बघितला, तिघांचं बोलणं एकच.

खराब माल दिलास की खोटं बोललास, दोन्हीतलं काय ते लिहून कळव.

सोजरबाई


पुणे
९ डिसेंबर २०१८

आजी,

नमस्कार आधीच घालतो. वाकलेला असलो म्हणजे बोलणी डोक्यावरून जातील.

पेन ड्राइव्ह खराब निघाला असणार, घाईत घेतला होता. सोबत दुसरा पाठवतोय, हा तीनदा तपासलाय. आणि एक सांगायचं राहिलं, ती माझी चूक. कंप्युटर चालू केल्याबरोबर सगळ्यात वरच्या ओळीतलं एफ बारा लिहिलेलं बटण टकटक दाबत राहायचं. एक यादी येईल. तिच्यात पेन ड्राइव्हचं नाव निवडायचं.

गोटू नंतर भेटला तेव्हा तू अंगणाला 'फुकटचं' म्हणालीस असं निर्मलाबाईंकडून कळलं. अंगण नुसतं फुकट नाही गं. त्याच्या आतलं सगळं लिखाण उघडं आहे. कोणीही वाचावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं, शेजाऱ्याला द्यावं. आम्ही बारा-तेरा जण नोकऱ्या सांभाळून हे करतो. गिरधरदादा आमच्यात थोरले. कोणी बदल सुचवला तर तो आत घ्यायचा की नाही ते ठरवतात.

अंगण बसवताना दिसणारे पडदे कोणी केले, हा तुझा निरोप निर्मलाबाईंनी फोनवर दिला. ते गटाचं काम आहे, कोणा एकाचं नाही.

आता अवघड काही नाही. एकदा सुरू झालं की डोकं लावू नकोस. प्रत्येक पडद्यावर 'पुढे' असं बटण येईल, ते दाबत जा. पुढे, पुढे, पुढे. झालं.

मनकर्णा आजीला नमस्कार सांग. गोटूलाही, परत आला तर.

तुझा लीलाधर


सिंधीपुरा
१५ डिसेंबर २०१८

दाबलं पुढे. तू सांगितलंस तसं, डोकं न लावता. घे आता भोग.

एफ बारा चाललं. यादी आली, रांगोळीचं चित्र आलं, मनकर्णा म्हणाली, "हाय वो माय!" इथवर तुला शाबासकी. मग भाषांची यादी. मराठी निवडलं. पण मराठी म्हणजे कसली! अर्धं इंग्रजी तसंच, उरलेलं इतकं जड की निर्मलाबाईंनाही दोनदा वाचावं लागलं. पुढे. लाईट गेली. दोन तासांनी आली तर पहिल्यापासून विचारायला लागला, तुमची भाषा कोणती. अरे, आत्ताच सांगितली ना! पुढे. मग एक पडदा, त्यावर तीन ओळी, पहिलीच्या तोंडाला आधीच ठिपका. निर्मलाबाई चष्मा पुसत होत्या. मी म्हटलं, लीलाधर म्हणालाय डोकं लावू नका. पुढे.

मग नकाशा. तुमचं ठिकाण निवडा. बुऱ्हाणपूर नाही, खांडवा नाही, भोपाळसुद्धा नाही. एकच ठिपका, कलकत्ता. निर्मलाबाई म्हणाल्या, "दाबा ना आजी, काय बिघडतं?" बिघडतं. छप्पन साली मी दहा वर्षांची होते. काल नागपूर राजधानी होती, आज भोपाळ झाली, आम्ही कुठं जायचं ते कोणी येऊन विचारलं नाही. यंदा शाळा मिसळली, तेव्हाही नाही विचारलं. आता पहिल्यांदा कोणी विचारतंय, बाई तुम्ही कुठल्या, आणि उत्तरात आमचं गावच नाही. घड्याळ लावायला विचारतो म्हणे. अख्ख्या देशाचं घड्याळ एकच आहे, तर विचारतोच कशाला? मी हात मांडीखाली घेऊन बसले. अर्धा तास. शेवटी निर्मलाबाईंनी माझ्या खांद्यावरून हात घालून कलकत्ता दाबलं. त्यांच्याशी तीन दिवस बोलले नाही.

पुढचा पडदा: तुमचे पूर्ण नाव लिहा. आता खुर्चीवर मनकर्णा होती. बोट वर धरलं आणि तसंच राहिलं. पूर्ण नावात मधे नवऱ्याचं नाव. ते तिने लग्नाच्या उखाण्यात घेतलं ते शेवटचं. निर्मलाबाई म्हणाल्या, "मी टाकते, सुपडू ना?" त्यावर मनकर्णा उठली. "मले नाही जमत हे. तुमचं तुम्ही पाहा," म्हणाली आणि गेली घरी. मी चिडून भिंतीचं बटण बंद केलं. म्हटलं बरं झालं, अजून काही बसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चालू केला तर आत काही नाही. कोरा. निर्मलाबाईंनी पुन्हा पेन ड्राइव्ह लावून सगळे पडदे वाचून काढले. आम्ही कलकत्त्यावर भांडत होतो ना, तेव्हा तो मागून पुसत होता. तो ठिपक्याचा पडदा 'सगळं पुसा' असा होता, बारीक करड्या अक्षरात.

लीलाधर, तो एक नंबरचा कंप्युटर होता. त्यात पोरांचं भित्तिपत्रक होतं, अकरा वर्षांचं. पोरं कागदावर लिहायची, भिंतीवर लावायची, मग निर्मलाबाई त्यांच्याकडूनच ते कंप्युटरवर उतरवून घ्यायच्या. केळीवरच्या कविता, तापीच्या पुराचं वर्णन, माझ्या खिचडीत मीठ जास्त झाल्याची तक्रार. साहेबांना दाखवायचं तेच होतं.

नाव अंगण ठेवलंत. अंगणात यायला उंबरा लागत नाही. तुम्ही कमरेइतका बांधलात, आणि वर म्हणता दार सगळ्यांना उघडं आहे.

तो पडदा ज्याने लिहिला त्याचं नाव पाहिजे. गट नको. गटाला कान नसतात, धरायला.

सोजरबाई


पुणे
२४ डिसेंबर २०१८

आजी,

पत्र तीनदा वाचलं. एक नंबरचा कंप्युटर आता अजिबात चालू करू नका, झाकून ठेवा. पुसलेल्यातलं कधी कधी थोडं परत काढता येतं. वचन देत नाही.

काल गटाची बैठक होती. तुझी तक्रार मी मांडली. पत्र वाचून दाखवलं नाही, माझ्या शब्दांत सांगितलं. एकदोघांना पटलं. गिरधरदादा म्हणाले, त्या पडद्यावर लिहिलेलं आहे, माहितीपुस्तिकेत सदतीस पानं आहेत, ज्याला वाचायचा कंटाळा त्याने कंप्युटरला हात लावू नये. त्यांच्यावर रागावू नकोस. दहा वर्षं त्यांनी हे सांभाळलंय, रोज कोणी ना कोणी काहीतरी मागत असतो. त्यांना वाटतं, प्रत्येकासाठी बदलत बसलो तर काम उभंच राहणार नाही.

कोणी लिहिला हे विचारलंस. जुनी गोष्ट आहे, बऱ्याच जणांचे हात लागलेत.

मी ठरवलंय, बारा जानेवारीला तीन दिवसांची रजा काढून येतो. एका दुपारी पाचही कंप्युटर बसवून देईन, एक नंबरचंही बघीन. तुला काही करायला नको. साहेब येतील तेव्हा सगळं चालू असेल. तू फक्त माझ्या आवडीचा गोड दराबा करून ठेव.

तुझा लीलाधर


सिंधीपुरा
२९ डिसेंबर २०१८

येऊ नकोस.

आलास तर जेवायला घालीन, दराबाही देईन, पण खोलीचं कुलूप काढणार नाही. निर्मलाबाईंकडून किल्ली घेऊन ठेवलीय.

तू आलास तर दुपारभरात पाच कंप्युटर चालतील, साहेब खूश, खोली राहील. मग तू जाशील. मार्चात एक बिघडला की पुन्हा आम्ही तुझ्या रजेची वाट बघायची. आणि शाहपुरला माझी भाची कमल आहे. तिच्या गावातल्या शाळेतही असेच चार पडलेत, धूळ खात. तिचा कोणी नातू पुण्यात नाही. तिने काय करायचं? निर्मलाबाई रडकुंडीला आल्या. "आजी, खोली गेली तर?" मी म्हटलं, गेली तर सोजरबाईच्या हट्टाने गेली म्हणून सांगा, मी वेशीवर उभी राहून ऐकीन.

आता तुमच्या गिरधरचं. वाचायचा कंटाळा! मी बावीस वर्षं दीडशे पोरांना वाढलं. गरम पातेलं मी त्यांच्या वाटेत ठेवलं असतं आणि भिंतीवर बारीक अक्षरात 'सांभाळा' लिहिलं असतं, तर पोर पोळल्यावर त्याला बोल लावला असता का, की तू भिंत वाचली नाहीस? मी पातेलं हलवायची. सदतीस पानं लिहायला तुम्हाला वेळ मिळाला, पातेलं हलवायला नाही.

मी काय केलं ते सांगते. दोन नंबरचा कंप्युटर लावला. पाच बायका बोलावल्या, एकेक. त्यांना सांगितलं, ठिपक्याचा पडदा आला की हात वर. त्याच्या आधी काय वाटेल ते करा. मी मागे स्टूल टाकून बसले आणि तोंड बंद ठेवलं. ते मला किती जड गेलं ते मनकर्णेला विचार. मथुराबाईला 'पुढे' सापडलंच नाही, कारण जुन्या पडद्यावर ते खाली अर्धं कापलं जातं. आशाबाई भाषेपाशीच अडली. मराठी यादीत कुठल्या कुठे खाली, आणि ती खाली सरकवायची असते हे तिला कोण सांगणार? धुरपदाबाई 'पुढे' दाबून हात जोडून बसली. काही हलेना, म्हणून आणखी चारदा दाबलं. आत काम चालू आहे असं त्याने म्हणायला नको का? साधं 'थांबा' तरी. पाचही जणींनी लाईट जाण्याची धास्ती घेतली. पाचजणींतल्या एकीलाही कंटाळा नव्हता. घाबरल्या होत्या. या दोन गोष्टी वेगळ्या असतात, ते गिरधरला समजव.

आणि पूर्ण नाव कशाला लागतं? तुम्ही काय पोलीस आहात?

आता एक माझं. तुझा पहिला पेन ड्राइव्ह खराब नव्हता. पूजा करताना मी त्याच्या पत्र्याच्या तोंडाला ओलं कुंकू लावलं, हळद लावली, अक्षता चिकटवल्या, आणि तसाच आत खुपसला. परवा आगकाडीला कापूस गुंडाळून, दवाखान्यातल्या स्पिरिटने पुसला, तर लागला चालायला. तीन नंबरच्या खाचेतून तांदळाचा दाणा निघाला. हे मी महिनाभर दाबून ठेवलं आणि तुला माल खराब म्हणत राहिले.

मी माझं सांगितलं. आता तू सांग. तो पडदा कोणाचा?

सोजरबाई


पुणे
६ जानेवारी २०१९

आजी,

माझा.

चार वर्षांपूर्वी गटात आलो तेव्हा पहिलं काम तेच मिळालं होतं. 'सगळं पुसा' या ओळीपुढे ठिपका मीच ठेवला, कारण माझ्याकडच्या कंप्युटरवर दरवेळी तेच करायचं असायचं. अक्षरं करडी केली कारण ती तशी सुंदर दिसतात असं मला वाटलं. गिरधरदादांनी तेव्हा पाठ थोपटली होती. तुझं दुसरं पत्र आलं त्या दिवशीच मला कळलं होतं, आणि मी 'बऱ्याच जणांचे हात' असं लिहिलं. हात एकच होता.

परवा तुझी सगळी पत्रं बैठकीत वाचून दाखवली. शब्द न बदलता. 'पोलीस आहात का' वर सगळे हसले, पातेल्यावर कोणी हसलं नाही.

रजा रद्द केली नाही, आधीच्या तारखांना घेतली आणि इथेच खोलीत बसून वापरली. सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये पडदे नवे आहेत. पेन ड्राइव्ह लागला की पहिल्याच पडद्यावर सगळ्या भाषा मोठ्या अक्षरात, सरकवावं लागत नाही. पुसण्याच्या पडद्यावर ठिपका कुठेच नाही. आधी तो आत काय काय आहे ते मोजून सांगतो, 'यात तुमची इतकी चित्रं आणि इतकी लिहिलेली पानं आहेत, ती जातील', आणि 'ठेवा' हे बटण मोठं आहे. पुसायचं असेल तर 'पुसा' हा शब्द हाताने लिहावा लागतो. काम चालू असताना 'थांबा, चालू आहे' असं येतं. लाईट गेली तर जिथे राहिलं तिथून धरतो. याला सगळ्यात वेळ लागला. नकाशा काढून टाकला. तू म्हणालीस ते खरं, घड्याळ एकच आहे.

नावाचं काय केलं ते बसवताना बघा.

वाईट बातमी. गिरधरदादांनी हे आत घेतलं नाही. म्हणाले, एका आजीच्या पाच मैत्रिणींवरून हजारो लोकांचे पडदे बदलता येत नाहीत, आधी कुठे टिकलेलं दाखव. म्हणून हा पेन ड्राइव्ह अंगणाचा अधिकृत नाही, माझा आहे. फसला तर मी फसलो.

माहितीपुस्तिका पाठवलेली नाही. मुद्दाम.

लीलाधर


सिंधीपुरा
२० जानेवारी २०१९

उशिरा कबूल केलंस, पण कबूल केलंस. कान पुढच्या दिवाळीत धरीन.

पेन ड्राइव्ह दहाला मिळाला. पूजा मनातल्या मनात केली. सराव झालेल्या बायकांना बसवलं तर तू सहज जिंकशील, म्हणून मी सरळ तीन नंबरवर मनकर्णेला बसवलं, एकटीला. ती यायला तयार नव्हती. मी म्हटलं, सुपडूचं नाव विचारलं तर मी स्वतः कंप्युटर उचलून तापीत टाकीन. तेव्हा आली.

भाषा, पुढे. मोठं 'ठेवा' दाबलं. थांबा, चालू आहे. मनकर्णा त्याला म्हणाली, "बरं बरं, थांबते." मग तो पडदा आला. 'या कंप्युटरने तुम्हाला काय म्हणून हाक मारावी?' ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "सोजर, मले मनकर्णा म्हणून आता कोणीच हाक नाही मारत. सुनेची सासू, गोपाळची माय." एकेक अक्षर शोधून तिने लिहिलं. आणि खाली, 'हा कंप्युटर कुठे आहे?' तिथं बुऱ्हाणपूर मी लिहिलं. तो मान माझा होता, तिला सांगून घेतला. तीन नंबर आता उघडला की म्हणतो, 'मनकर्णा, नमस्कार. बुऱ्हाणपूर.' रोज सकाळी ती येऊन नुसता चालू करून बघते.

बाकीचे तीन आशाबाई, मथुराबाई आणि धुरपदाबाईने लावले. मी बोट लावलं नाही. दोन नंबर मुद्दाम तसाच ठेवला, का ते पुढे सांगते. एक नंबरवर चादर घातलीय.

भित्तिपत्रकाचं असं. निर्मलाबाईंनी जुन्या पोरींना निरोप धाडले, घरात कोणाकडे कागद असले तर आणा. ट्रंकेतून, देव्हाऱ्यामागून, एकीच्या तर लग्नाच्या अल्बममधून, एकतीस पानं मिळाली. अकरा वर्षांची एकतीस. पोरींनीच ती नव्याने उतरवली, मराठीत. मिठाची तक्रार सापडली. बाकीचं गेलं. पुसलेलं परत येईल असं मला वाटत नाही, आणि तू तसं वाटून घेऊ नकोस.

अठराला साहेब आले. संक्रांतीचा तीळगूळ दिला, तो त्यांनी खिशात टाकला, तोंडात नाही. चार कंप्युटर बघितले, पानं बघितली, मान हलवली. मग बोलले, "माताजी, किसी लड़के ने आकर लगा दिया होगा. वह चला जाएगा, फिर बंद पड़े रहेंगे." अगदी तेच, जे मी तुला लिहिलं होतं. मी म्हटलं, साहेब, दोन नंबर बाकी आहे. तुम्ही लावा. त्यांना वाटलं मी थट्टा करते. मी खुर्ची ओढून दिली. सोबतचे दोन कारकून बघत होते, म्हणून त्यांना बसावंच लागलं.

हिंदी निवडली, निवडू दे. पुढे. 'ठेवा' दाबलं, बघितलंस ना, साहेबही घाबरतात. आणि निम्म्यावर लाईट गेली. निर्मलाबाईंनी डोळे मिटले. साहेब उठायला लागले, "देखा?" म्हणाले. मी म्हटलं, बसा साहेब, आमच्याकडे लाईट जाते म्हणूनच बसायला सांगतेय. पाऊण तास त्यांना बसवून ठेवलं. काय करतील, तीळगूळ खाल्ला. पोरांची पानं वाचली, मिठाची तक्रार मोठ्याने वाचून हसले. मी हसले नाही. लाईट आली, बटण दाबलं, आणि तो जिथं सोडलं होतं तिथून पुढे निघाला. मी मनात तुझं नाव घेतलं, तुला सांगायचं नव्हतं.

मग त्याने साहेबांना विचारलं, काय म्हणून हाक मारू? साहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच लिहिलं, 'चुडामण'. कुठे आहे? त्यांनी 'शाहपुर' लिहिलं. मी म्हटलं, साहेब, हा तर सिंधीपुऱ्यात आहे. ते म्हणाले, "हो आजी, पण मी तिथला आहे." मराठीत म्हणाले. तिथल्याच मराठी शाळेत चौथी शिकलेले निघाले.

खोली जूनपर्यंत राहिली. जूनला परत बघणार. म्हणजे जिंकलो असं समजू नकोस, तेवढी उसंत मिळाली. दोन नंबर उघडला की अजून 'चुडामण, नमस्कार. शाहपुर' म्हणतो, तो आम्ही बदलणार नाही. आणि जाताना साहेबांनी पेन ड्राइव्ह मागितला, शाहपुरच्या चार कंप्युटरांसाठी. मी दिला नाही. म्हटलं, हा अधिकृत नाही, पुण्याचा एक माणूस अडून बसलाय. अधिकृत होईल तेव्हा कमलच तुम्हाला लावून दाखवील.

टिकलेलं दाखव म्हणाला ना तो? दाखवलं. मनकर्णेने लावला, साहेबाने लावला, मधे लाईट गेली तरी लागला. आता सांग त्याला, जुना पडदा अजून बाहेर फिरतोय. उद्या कोणा गावात कोणी डोकं न लावता 'पुढे' दाबेल आणि त्यांचं काही पुसलं जाईल. आतापर्यंत पुसलं ते तुझ्या नावावर. यापुढचं त्याच्या.

तुला आशीर्वाद. या वेळी उरलेत.

या पत्राचं उत्तर तू लिहू नकोस, लीलाधर. एक ओळही नाही. उत्तर गिरधरने लिहायचं, स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरात, आणि 'घेतलं' की 'नाही घेतलं' हे पहिल्याच ओळीत. खाली त्याला कोणी काय म्हणून हाक मारायची तेही लिहायला सांग. पत्र मनकर्णेच्या नावाने टाकायचं. मधलं नाव न घालता.

सोजरबाई